बंदुकीपुरता एक दुश्मन

आमच्या घरी चोरी झाली तेव्हा मी घरातच होतो. हे वाक्य मी हल्ली कोणासमोर उच्चारत नाही, कारण मी ते उच्चारलं की माझी बायको ममता लगेच त्याला शेपूट जोडते, "आणि झोपेत होते."

यात काय चुकलं ते मला आजही कळलेलं नाही. मे महिन्यातली पुसदची दुपार होती. कूलरचा पंप बिघडलेला, म्हणून मी पुढच्या खोलीत दिवाणावर आडवा झालो होतो आणि पायाशी टेबल फॅन लावला होता. ममता गल्लीतल्या डोहाळजेवणाला गेली होती. दार उघडं होतं, कारण आमच्या गल्लीत दार फक्त गावाला जाताना लावतात आणि किल्ली शेजारच्या रुक्माबाईंकडे ठेवतात. चोर आला. त्याने स्वयंपाकघरातलं गॅसचं सिलिंडर काढलं, तांब्याचा हंडा घेतला, आणि जाता जाता माझ्या पायाशी फिरत असलेला फॅन बंद करून उचलला. मला गरम झालं. लाइट गेली असेल असं समजून मी कूस बदलली आणि पुन्हा झोपलो. विदर्भात जन्म काढलेल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं.

पण खरा घाव वेगळाच आहे. माझं मनगटी घड्याळ उशीच्या उजव्या बाजूला ठेवलेलं होतं. उठल्यावर ते डाव्या बाजूला सापडलं. म्हणजे चोराने ते उचललं होतं, निरखून पाहिलं होतं आणि ठेवून दिलं होतं. सेवेची पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून कॉलेजने समारंभपूर्वक दिलेलं घड्याळ होतं ते.

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे गावातल्या निम्म्या पोरांना मी ओळखत नसलो तरी ती मला ओळखतात. दुसऱ्या दिवसापासून भाजीबाजारात, बसस्टँडवर, पेट्रोलपंपावर कुठूनही आवाज येऊ लागला, "सर, लाइट आली काय?" मागे वळून पाहावं तर सगळे आपापल्या कामात.

अशा मनःस्थितीत मी एका बारशासाठी उमरखेडला सासुरवाडीला गेलो. तिथे माझे थोरले साडू पुंडलिकराव असतात. पुंडलिकरावांकडे बंदूक आहे. बारा बोरची, वडिलोपार्जित, पिकाच्या राखणीसाठी परवाना असलेली. त्या बंदुकीने आजवर स्वतःच्याच वाड्यातली एक पाण्याची टाकी तेवढी फोडली आहे. रानडुकरं त्यांच्या सोयाबीनमध्ये अजूनही सहकुटुंब येतात. पण बंदूक ती बंदूक. सासुरवाडीला पहिला पाट पुंडलिकरावांचा, पुरणपोळीवर तुपाची दुसरी धार पुंडलिकरावांना, आणि आम्ही एम.ए. बी.एड. असून खांबाला टेकून बसतो. त्या दिवशी भर पंगतीत त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काहो साडभाऊ, मानूस घरात असून चोरी होते?"

पंगत हसली. मेहुणीने, म्हणजे इंदुताईंनी, हसू लपवायला पदर तोंडाला लावला, आणि मला ते उघड हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"घरात हत्यार पायजे," पुंडलिकराव पुढे म्हणाले. "मानूस झोपला तरी हत्यार जागं असते."

या वाक्याला काही अर्थ नाही हे मला आज कळतं. त्या दिवशी ते मला वेदवाक्य वाटलं. परतीच्या एसटीत मी ममताला सांगून टाकलं, "मी बंदूक घेऊन राह्यलो."

ती म्हणाली, "आधी फॅन घ्या."

आमच्या गल्लीत कुठलाही निर्णय घरात होत नाही, तो ओट्यावर होतो. आमचं आणि देवीलाल राठोडांचं घर एका भिंतीचं. देवीलालभाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मूळ दिग्रसकडच्या तांड्यावरचे, बंजारा समाजाचे, पण पोरीच्या शिक्षणासाठी इथे घर बांधून राहिले. तीस वर्षं लोकांना "मागं सरका जी, मागं जागा हाय" असं सांगितल्यामुळे त्यांच्या आवाजात पहाड आहे आणि स्वभावात लोणी. संध्याकाळी ते, त्यांच्या पत्नी रुक्माबाई, मी, ममता आणि समोरच्या लीलाबाई असे सगळे ओट्यावर जमतो. लीलाबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, त्यामुळे त्यांचं मत कोणी विचारलं नाही तरी ते मिळतंच.

मी प्रास्ताविक केलं. नागरिकाचा स्वसंरक्षणाचा हक्क, गावाची वाढती लोकसंख्या, पोलीस दलावरचा ताण, असे मुद्दे मांडले. वर्गात मांडतो तसेच, आणि वर्गात होतो तसाच परिणाम झाला. देवीलालभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन सर, बंदूक असती तरी तुमी झोपेतच असते न जी?"

"बंदुकीच्या धाकानं चोर येणारच नाहीत," मी म्हणालो. "घरात बंदूक आहे हे कळलं की चोर दारावरून जातो."

"चोराले कळलं त तो आधी बंदूकच नेईन," ममता म्हणाली. "फॅन नेला तसा. आन् ठेवसान कुठं? कपाटात? कपाटाची किल्ली तुमाले आजपर्यंत कधी सापडली? चोर आला त त्याले म्हनसान, थांब बावा, मी चष्मा शोधतो, मंग किल्ली शोधतो."

लीलाबाईंनी मात्र थट्टा केली नाही. त्या म्हणाल्या, "सर, मी इतके वर्षं दवाखान्यात काढले. बंदुकीनं जखमी झालेला चोर एकही नाही पाह्यला. जे आले ते घरचेच आले. कोनी साफ करता करता, कोनी अंधारात आपल्याच मानसाले चोर समजून."

अशा वेळी शिक्षक जे करतो तेच मी केलं. "तो वेगळा विषय आहे," असं म्हणून पुढे गेलो.

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज करणं अवघड नाही. अवघड असतं ते अर्जानंतरचं आयुष्य. यवतमाळच्या कलेक्टर ऑफिसातल्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पिकाच्या राखनीसाठी की स्वसंरक्षणासाठी?" आमचं शेत माझा धाकटा भाऊ पाहतो आणि डुकरांशीही तोच बोलतो. शिवाय डुकरांसाठी बंदूक घेतली असं सांगण्यात काय शान? मी मान ताठ करून "स्वसंरक्षण" म्हणालो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चोराने घड्याळाकडे पाहिलं असेल तसंच.

मग वैद्यकीय दाखला. मन शांत आहे, डोकं ठिकाणावर आहे, असं डॉक्टरने लिहून द्यावं लागतं. त्यासाठी मला सकाळी उपाशीपोटी बोलावलं आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर आत घेतलं. मधल्या काळात माझ्यानंतर आलेले सगळे ओळखीपाळखीने पुढे गेले. डॉक्टरांनी खाली मान घालूनच विचारलं, "राग येतो का?"

"आता येऊन राह्यला," मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी घरून दहीभात खाऊन गेलो, सगळ्यांना आधी जाऊ दिलं आणि रागाच्या प्रश्नावर इतकं गोड हसलो की डॉक्टरांना वेगळीच शंका आली. पण दाखला मिळाला.

सगळ्यात शेवटी पोलीस चौकशी. आमच्या भागाचे जमादार मडावी एका संध्याकाळी मोटरसायकलवरून आले. माणूस मोठा सज्जन. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि कागद काढून म्हणाले, "हं सर, सांगा. तुमच्या जिवाले कोनापासून धोका हाय?"

मी म्हणालो, "चोरांपासून."

"कोनता चोर? नाव?"

"नाव कसं माहीत असेल? मी झोपेत होतो."

"चोर त फॅन घेऊन गेला न सर. जीव त ठेवून गेला. मी जिवाचं इचारून राह्यलो. कोनी मारतो म्हनलं? जमिनीचं भांडन? भावकी? जुनी खुन्नस?"

मी बराच विचार केला आणि काही आठवेना. जमादार म्हणाले, राहू द्या, शेजारी विचारतो. ते समोर गेले आणि मला ऐकू येईल अशा आवाजात लीलाबाईंना विचारलं, गावंडे सरांना कोणापासून धोका आहे काय.

"सरांइले?" लीलाबाई म्हणाल्या. "नाही बा. त्याइले कोन मारते? अहो, घरात शिरलेल्या चोरानंही त्याइले उठवलं नाही."

गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत सगळीकडे हेच उत्तर आलं. एका घरातून तर विचारणा झाली की कोणते गावंडे. जमादारांनी परत येऊन कागदावर लिहिलं, "अर्जदारास कोणापासूनही धोका आढळून येत नाही." मला वाचून दाखवलं तेव्हा ते वाक्य मला फार झोंबलं. वाचायला चांगलं आहे, पण त्याचा अर्थ असा की हा माणूस मारण्याच्या लायकीचा नाही.

"असं लिहिलं त अर्ज नामंजूर होते," जमादार कळवळून म्हणाले. "मी हे कागद इतक्यात पाठवत नाही. पन तुमाले एक तरी दुश्मन पायजे सर. नावानिशी."

मी दुश्मन शोधू लागलो. भूगोलाच्या मास्तराने इतक्या वर्षांत किती पोरं नापास केली असतील याचा हिशेब लावला आणि मला धीर आला. सगळ्यात आधी नाव आठवलं ते बारावीत सलग दोनदा नापास केलेल्या कपिलचं. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानासमोर मी मुद्दाम घुटमळलो. तो धावत बाहेर आला आणि भर रस्त्यात पाया पडला. "सर, तुमी नापास केलं म्हून धंद्यात पडलो. पास झालो असतो त आज कुठं तरी शिपाई राह्यलो असतो." मला खुर्ची दिली, उसाचा रस पाजला आणि नको म्हटलं तरी दुकानातला नवा टेबल फॅन हातात दिला. दुश्मन आणायला गेलो आणि फॅन घेऊन आलो. भावाला फोन करून विचारलं, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का? तो घाबरला. म्हणाला, "दादा, तब्येत बरी हाय न? वहिनीले फोन दे." निवृत्तीला टेकलेलं आयुष्य, आणि गाठीशी एक धड शत्रू नाही!

हे सगळं मी ओट्यावर बोलून दाखवलं. देवीलालभाऊ शेंगा निवडत होते. आमच्या अंगणातल्या शेवग्याच्या फांद्या भिंतीवरून त्यांच्याकडे झुकल्या आहेत आणि त्या बाजूच्या शेंगा त्यांच्या असा आमचा अलिखित करार आहे. ते सहज म्हणाले, "मी होतो न जी तुमचा दुश्मन. शेजारी मंग कायले असते?"

मला भरून आलं. असं मैत्र कोणाला मिळतं?

बेत ठरला. चौकातल्या पानठेल्यावर, चार माणसांसमोर, शेवग्याच्या झाडावरून देवीलालभाऊंनी मला जिवे मारण्याची धमकी द्यायची. मी ठाण्यात तक्रार करायची. आम्ही घरामागे तालीमही केली. तालमीत अडचण अशी आली की देवीलालभाऊंच्या तोंडातून धमकी निघेना. "सर, मी तुमाले जित्तं सोडनार नाही जी," असं म्हणून ते हात जोडत. मी सांगितलं, सर म्हणू नका, जी म्हणू नका. ते म्हणाले, "मंग काय म्हनू? नावानं हाक मारू काय मास्तराले? पाप लागते."

ममता मागच्या दारात उभी राहून पाहत होती. "हे दोघं अंगाशी आननार काहीतरी," एवढंच बोलून ती आत गेली. बायकोच्या अशा वाक्यांकडे पुरुष लक्ष देत नाहीत, म्हणून कथा घडतात.

ठरल्या संध्याकाळी पानठेल्यावर बऱ्यापैकी गर्दी होती. देवीलालभाऊंनी कमरेवर हात ठेवले आणि एसटीतला ठेवणीतला आवाज लावला, "गावंडे सर! तुमच्या शेवग्याच्या सुरवंटानं माही बायको खाजून खाजून परेशान झाली! ते झाड तोडा, नाही त मी तुमालेच तोडतो जी!"

मग पानठेलेवाला म्हणाला, "सुरवंटाले राख मारा. चुलीतली." दुसरा म्हणाला, राखेने काही होत नाही, कडुनिंबाचा अर्क फवारा. तिसऱ्याने त्याच्या मामाच्या शेवग्याची हकिगत सुरू केली. धमकीकडे कोणाचं लक्षच नाही. देवीलालभाऊ अगतिक होऊन माझ्याकडे पाहू लागले. मी डोळ्यांनी खुणावलं. ते पुन्हा ओरडले, "अबे सुरवंटाचं जाऊ द्या! मी सरांइले जिवानं मारीन म्हनलं! आयकलं काय कोनी?"

"आयकलं, आयकलं," पानठेलेवाला म्हणाला. त्याने तंबाखू-सुपारीचा एक खर्रा चांगला घोटला, त्याचे दोन भाग केले आणि अर्धा माझ्या, अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. "शेजाऱ्यानं भांडू नये. घ्या." आम्ही दोघंही खर्रा खात नाही, पण त्या दिवशी खाल्ला. मला तिथेच चक्कर आली आणि देवीलालभाऊंनी माझा हात धरून मला घरी आणलं.

तरीही दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन तक्रार लिहून दिली. लिहून घेणाऱ्या शिपायाला पटेना. "देवीलाल कंडक्टर? त्याइनं माह्या म्हाताऱ्या मायले कितीकदा गाडी थांबवून घराजवळ उतरवलं. ते मारीन म्हनले?" मी म्हणालो, माणूस बदलतो. हे वाक्य उच्चारताना जीभ थोडी जड झाली, पण डोळ्यांसमोर पुंडलिकरावांचा पाट होता.

नंतर बरेच दिवस काही झालं नाही. दिवाळी गेली, कपाशीचे वेचे संपले, आणि आम्ही दोघंही ती धमकी विसरून गेलो. कारण आमच्या गल्लीत त्याहून मोठी गोष्ट घडत होती. देवीलालभाऊंच्या उज्ज्वलाचं लग्न जमत होतं. उज्ज्वला माझी विद्यार्थिनी, आता बँकेत आहे. आमची मुलगी सुरभी आणि ती एका ताटात जेवून वाढलेल्या. मुलगा सुनील, कृषी खात्यात. त्याचे वडील गेमसिंग नाईक म्हणजे त्यांच्या तांड्याचे नाईक, तांड्याचे प्रमुख. जुन्या वळणाचे, पांढरं धोतर, पांढरा फेटा, शब्दाला पक्के. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत होते, पण नाईकांना घर पसंत पडायला हवं होतं. त्यांच्यात वडीलधाऱ्यांसमोर गूळ वाटला की सोयरीक पक्की. तो गूळ खायला नाईक एका रविवारी माणसं घेऊन आले.

त्या दिवशी आमचं घर रिकामं आणि देवीलालभाऊंचं भरलेलं होतं. ममता चुलीपाशी, लीलाबाई पाहुण्यांच्या बायकांपाशी आणि मी चहाच्या ट्रेपाशी. बैठकीत गप्पा रंगल्या होत्या. नाईकांनी गुळाचा खडा हातात घेतला होता. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि जमादार मडावी दारात आले. रविवारी माणूस घरी सापडतो, म्हणून बिचारे सुट्टीच्या दिवशी आले होते.

"देवीलाल राठोड तुमीच न? ही नोटीस घ्या. गावंडे सरांइले जिवे मारन्याची धमकी देल्ली म्हून तहसीलदाराकडे हजर राहा लागते. चांगलं वागाचं लिहून द्या लागते."

पडद्यामागे वाजणाऱ्या बांगड्या थांबल्या. गेमसिंग नाईकांनी हातातला गुळाचा खडा ताटात परत ठेवला.

"हे गावंडे सर कोन?" त्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन बाहेर येत होतो. जमादार माझ्याकडे पाहून दचकले. "सर? तुमी इथं काय करून राह्यले?"

"चहा देऊन राह्यलो," मी म्हणालो.

नाईकांनी देवीलालभाऊंकडे मान वळवली. "खरं हाय काय हे? या मानसाले मारीन म्हनले तुमी?"

आता देवीलालभाऊंनी सांगून टाकायला हवं होतं की हे सगळं नाटक आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की त्यांना माझा परवाना आठवतो आहे. पोरीची सोयरीक ताटात परत पडलेली असताना त्या माणसाला माझी बंदूक आठवत होती. ते खाली पाहून म्हणाले, "हो जी. देल्ली धमकी."

रुक्माबाईंनी पडद्याआडून माझ्याकडे पाहिलं. घराची किल्ली आम्ही ज्यांच्या हातात ठेवतो त्या बाईने तसं पाहिल्यावर मला माझीच लाज वाटली.

मी ट्रे खाली ठेवला. "नाईकसाहेब, धमकी मीच मागितली होती," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. चोरी, झोप, साडू, पाट, दहीभात, कपिलचा फॅन, खर्रा, काही लपवलं नाही. घड्याळाचंसुद्धा सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की माझं बोलणं पहिल्यांदाच एवढी मोठी सभा जांभई न देता ऐकते आहे.

तांड्यावर न्यायनिवाडा करताना बसतात तसे नाईक ताठ बसले होते. मग त्यांनी देवीलालभाऊंना विचारलं, "धमकी कायले देल्ली?"

"सरांइनं मांगतली म्हून."

"आन् आता मले खोटं कायले सांगतलं?"

"त्याइचं लायसन अडकलं असतं जी."

नाईकांच्या मिशा हलू लागल्या. आधी वाटलं राग आला. मग त्यांचं पोट हलू लागलं आणि ते इतके मोठ्याने हसले की फेटा सैल झाला. डोळे पुसून ते आपल्या माणसांना म्हणाले, "शेजाऱ्यानं मांगतली त जो मानूस दुश्मनीही देते, तो सोयरा हातचा सोडाचा नसते." आणि ताटातला गूळ उचलून त्यांनी तोंडात टाकला.

पडद्यामागे कोणीतरी रडलं. मला वाटतं ममता होती.

जमादार अजून दारातच उभे होते. "खोटी तक्रार गुन्हा असते, मालूम हाय न सर?" ते म्हणाले. पण त्यांच्याही हातावर गूळ पडला होता आणि गूळ खाऊन माणसाला फार रागावता येत नाही. आपसात समझोता झाला असं त्यांनी लिहून घेतलं. त्याखाली माझा जबाब लागणार होता. मी तो स्वतः सांगितला, "माझ्या जिवाला कोणापासूनही धोका नाही." हेच वाक्य सहा महिन्यांपूर्वी मला झोंबलं होतं. आता ते गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि सही ठोकली.

"म्हंजे बंदूक गेली," जमादार म्हणाले.

"गेली," मी म्हणालो. नाईकांनी मात्र मला मोकळं सोडलं नाही. दंड म्हणून निवाडा दिला की राखणीची इतकी हौस आहे तर लग्न होईपर्यंत देवीलालच्या पोरीच्या सामानाची राखण या मास्तराने करावी. अशा रीतीने मी अखेर पहारेकरी झालो.

लग्न मे महिन्यात निघालं. उज्ज्वलाचे दागिने, साड्या, भांडी सगळं आमच्या पुढच्या खोलीत. लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवात जेवणं चालली होती आणि मी एकटा सामानापाशी दिवाणावर बसून पहारा देत होतो. कर्तव्याची पूर्ण जाणीव होती. पायाशी कपिलचा फॅन होता. जरा पाठ टेकली.

मला गरम झालं. पण या वेळी मी कूस बदलली नाही. वर्षभराचा अपमान एका क्षणात अंगात उभा राहिला. डोळे किलकिले करून पाहिलं तर दाराच्या उजेडात एक माणूस माझा फॅन उचलून पाठमोरा निघाला होता. चष्मा नव्हता, कोण ते दिसत नव्हतं, पाहण्याचं भानही नव्हतं. "चोर!" असं ओरडून मी हाताला लागेल ते उचललं आणि सगळ्या ताकदीने त्याच्या डोक्यावर नेम धरून फेकलं.

हाताला लागलं होतं वर्तमानपत्र. ते सपकन जाऊन देवीलालभाऊंच्या कानशिलावर बसलं.

"आयो!" देवीलालभाऊ कान चोळत वळले. "नाईकसाहेब घामानं ओले झाले जी, त्याइच्यासाठी फॅन नेऊन राह्यलतो. तुमी झोपले होते म्हून उठवलं नाही." मग हसून म्हणाले, "आता खरंच दुश्मनी काढली काय सर?"

मला हसता आलं नाही. नेम अचूक होता. आयुष्यात पहिल्यांदा माझा नेम अचूक लागला होता. उशाशी दुसरं काही असतं तर तेही मी तितक्याच ताकदीने चालवलं असतं. मला दरदरून घाम फुटला. तो घाम काही फॅन बंद असल्यामुळे नव्हता.

"काय झालं सर? बसा जी, बसा," देवीलालभाऊ म्हणाले.

मी त्यांच्या कानशिलावरून एकदा हात फिरवला. मग फॅन त्यांच्याकडून घेतला, गावाला जायचं नसताना आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या खोलीला कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या खिशात टाकली, आणि फॅन छातीशी धरून त्यांच्यासोबत मांडवात गेलो. नाईकांच्या पायाशी तो ठेवून प्लगची जागा शोधत होतो, तेवढ्यात पंगतीतून जमादार मडावींचा आवाज आला, "सर, लाइट आली काय?"

सगळा मांडव हसला. आमच्या आमंत्रणावरून आलेले आणि पहिल्या ओळीत पाटावर बसलेले पुंडलिकरावही हसले.

"आली जमादार," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.